बोटांआधी कान

वाद्य शिकविणे म्हणजे विद्यार्थ्याची बोटे योग्य जागी ठेवून देणे, असा एक समज आपल्याकडे आढळतो. पलटे बसले, चार गती पाठ झाल्या, की मुलगा ‘वाजवू लागला’. पण वादक घडतो कसा, हे पाहावयाचे असेल तर मैहरच्या तालमीकडे वळावे.

बाबा अल्लाउद्दीनखाँ सरोदिये. पण त्यांच्या हाताखाली सतारिये तयार झाले, आणि मुळात नाव झालेले बासरीवादक पन्नालाल घोषही १९४७ साली त्यांचे शिष्य झाले. त्याच वर्षी निखिल बॅनर्जी मैहरला गेले. रविशंकरही याच गुरूचे. तरी या दोघांची सतार ऐकताच निराळी ओळखू येते. एका साच्यातून दोन मूर्ती निघाव्यात आणि त्या सारख्या नसाव्यात, यातच शिकविणाऱ्याची नजर दिसते. आपल्या कन्येला, अन्नपूर्णादेवींना, बाबांनी प्रथम सतार शिकविली आणि पुढे ती सोडावयास लावून सूरबहार दिले. सूरबहार सतारीपेक्षा मोठे व खर्जाचे. द्रुत गतीच्या चमकदमकीपेक्षा संथ आलाप आणि लांबलचक मींड हेच त्याचे खरे क्षेत्र. टाळ्यांसाठी उतावीळ झालेल्या माणसाचे ते काम नव्हे!

अन्नपूर्णादेवींनी मैफिली लवकरच सोडल्या आणि २०१८ साली निधन होईपर्यंत मुंबईत राहून शिष्य घडविले. त्यांत सतारिये होते, सरोदिये होते आणि बासरीवालेही. सूरबहार वाजविणाऱ्या बाईंनी बासरी कशी शिकवावी? त्या गाऊन शिकवीत. शिष्याने ती जागा आपल्या वाद्यातून काढावयाची. इथेच खरी कसोटी लागते. सतारीवर तार ओढली की मींड निघते. बासरीवर तार कुठली? तिथे बोट भोकावरून हळूहळू सरकवावे लागते आणि त्याच वेळी फुंक सांभाळावी लागते. सहा भोकांच्या बासरीवर तीव्र मध्यमाला सगळी भोके उघडी, तर त्याच्या शेजारच्या पंचमाला सगळी बंद. मग या दोन स्वरांना जोडणारी मींड कशी काढावी? गाणाऱ्या गळ्याला ही अडचण ठाऊकच नसते. गुरूने गाऊन दाखविलेले कानात पक्के असेल, तरच शिष्य त्यासाठी धडपडतो. एरवी वाद्याला सोपे पडेल तेवढेच तो वाजवीत राहतो. माझ्या मते नवशिक्या वादकाचा मोठा शत्रू आळस नसून ही सोय होय.

हरिप्रसाद चौरसियांची कथा तर प्रसिद्धच आहे. आकाशवाणीवर नोकरी, चित्रपटसंगीतात भरपूर काम, अशा स्थितीत ते अन्नपूर्णादेवींकडे गेले. बाईंनी त्यांना लगेच घेतले नाही. पुन्हा पहिल्यापासून शिकण्याची तयारी दाखविण्यासाठी चौरसियांनी उजवीकडे धरली जाणारी बासरी डावीकडे धरावयास सुरुवात केली. यात काय गेले, ते पाहा. तोंडाजवळची तीन भोके आजवर डाव्या हाताची होती, ती उजव्याकडे आली. ओठांतून फुंक जाण्याचा कोन बदलला. वर्षानुवर्षांची बोटांची सवय निकामी झाली. पोटापाण्याच्या धंद्यात असलेल्या वादकाने हे करणे म्हणजे काही काळ बेसूर होण्याची तयारी ठेवणे. कान मात्र तेच राहिले, आणि तालीम द्यावयाची होती ती कानालाच. पुढे ते देशोदेशी वाजवीत फिरले, तेव्हाही बासरी डावीकडेच असे.