गोंदियाहून अबचलनगरास

झाडीपट्टीतील शेतकऱ्याच्या वर्षात एक अवकाश असा येतो की, ज्या वेळी हलका धान कापून-चुरून घरात येऊन पडलेला असतो, दिवाळीनंतरच्या मंडया आणि दंडारी आटोपत आलेल्या असतात, आणि बांध्यांत टाकलेल्या लाखोळीला फारशी राखण लागत नाही. या अवकाशात तिरोडा, गोरेगाव, आमगाव या बाजूची कुटुंबे तीर्थयात्रेस निघतात. रामटेक, शेगाव, माहूर, पंढरपूर ही त्यांची परंपरागत स्थाने. गोंड समाजाची पावले माघी पौर्णिमेस सालेकसा तालुक्यातील कचारगडाच्या गुहेकडे वळतात. आमच्या घरी नांदेड, म्हणजेच अबचलनगर, ठरले, तेव्हा मात्र शेजारच्या काकूंनी आईस सरळच विचारले, "ते तर शिखांचं ठिकाण, तुमचं तिथं काय?" प्रश्नात कसलाही आकस नव्हता, निव्वळ कुतूहल होते, परंतु तो गोंदिया जिल्ह्यातील बहुसंख्य मराठी घरांच्या मनात असणार, हे जाणून त्याचे सविस्तर उत्तर देण्याचे मी योजिले आहे.

गोंदियाहून नागपूर, तेथून वर्धा, यवतमाळ, उमरखेड अशी मजल करीत गेले म्हणजे पैनगंगा ओलांडताना वऱ्हाडची हद्द संपते व मराठवाडा सुरू होतो. धानाच्या बांध्या आणि मालगुजारी तलाव यांच्या सहवासात वाढलेल्या डोळ्यांना कापूस-सोयाबीनची ती विस्तीर्ण काळी रानेच प्रथम परकी वाटतात. तथापि भूगोलाने हे दोन मुलूख फार पूर्वीच एकत्र बांधले आहेत. आमच्या बाघ आणि चुलबंद या नद्या वैनगंगेस मिळतात, वैनगंगा वर्धेस भेटून प्राणहिता होते, आणि प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत विलीन होते. म्हणजे जी गोदावरी नांदेडच्या घाटांवरून वाहते, तिच्यातच आमच्या शिवारातले पाणी अखेरीस जाऊन मिळते.

या गोदावरीच्या उत्तर तीरावर, 1708 साली, शिखांचे दहावे गुरू श्रीगुरू गोविंदसिंह मुक्कामास आले. 1666 साली पाटण्यास जन्मलेल्या, नवव्या वर्षी पित्याचे, म्हणजे गुरू तेगबहादुरांचे, दिल्लीतील बलिदान सोसलेल्या, 1699 साली आनंदपुरास खालसा पंथाची स्थापना केलेल्या आणि पुढे चारही पुत्र धर्मासाठी गमावलेल्या या पुरुषाचे आयुष्य पंजाबाच्या इतिहासाचा मेरुदंड होय. त्याची अखेर मात्र मराठी मुलखात व्हावयाची होती. औरंगजेबाने भेटीचे निमंत्रण धाडल्यावरून ते दक्षिणेकडे निघाले असता, वाटेतच, 1707 च्या मार्च महिन्यात अहमदनगरजवळ बादशहा मरण पावल्याची वार्ता त्यांस समजली. त्यानंतर नवा बादशहा बहादुरशहा हा आपला भाऊ कामबक्ष याच्यावर चालून हैदराबादेकडे निघाला, तेव्हा त्याच्या छावणीसोबत गुरू नांदेडपर्यंत आले. बादशहा फौजेनिशी पुढे गेला. गुरू तेथेच राहिले. त्याच वर्षाच्या आरंभी, मोगलांच्या कैदेतून सुटून आलेल्या शाहू छत्रपतींना साताऱ्यास राज्याभिषेक झाला होता, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या काळच्या दख्खनेची अवस्था किती प्रवाही होती याची कल्पना येते.

नांदेडच्या त्या अल्प वास्तव्यात ज्या घटना घडल्या, त्यांपैकी दोन तरी प्रत्येक मराठी विद्यार्थ्यास ठाऊक असावयास हव्यात. पहिली, माधोदास नावाच्या बैराग्याची. हा मूळचा जम्मूकडील राजौरीचा. संन्यास घेऊन हिंडत हिंडत गोदातीरी मठ करून राहिलेला. गुरूंची भेट होताच त्याने वैराग्याचा मार्ग सोडला, दीक्षा घेतली, आणि बंदासिंह बहादुर या नावाने गुरूंची आज्ञा शिरसावंद्य मानून तो पंजाबकडे निघाला. 1710 साली त्याने सरहिंदच्या सुभेदाराचा पराभव करून तेथील मोगली अंमल उलथून टाकला, आणि 1716 साली दिल्लीस अनन्वित छळ सोसून त्याने देह ठेवला. पंजाबातील शीख सत्तेची पहिली ठिणगी अशा रीतीने नांदेडच्या घाटावर पडली. बंदाघाटाच्या पायऱ्यांवर उभे राहून आमच्या मुलांना ही हकीकत सांगितली, तेव्हा पाठ्यपुस्तकातला इतिहास एरवी कंटाळून वाचणारी ती मुले नदीकडे पाहत एकामागून एक प्रश्न विचारू लागली.

दुसरी घटना अधिक गंभीर. एका पठाण मारेकऱ्याने गुरूंवर शस्त्राचा घाव घातला. जखम भरून येत होती, पण ती पुन्हा उघडली, आणि 7 ऑक्टोबर 1708 रोजी त्यांचे महानिर्वाण झाले. तत्पूर्वी त्यांनी देहधारी गुरूंची परंपरा समाप्त करून आदिग्रंथ या धर्मग्रंथासच गुरुपदी स्थापिले. म्हणूनच 2008 साली या गुरुतागद्दीस 300 वर्षे पूर्ण झाली, तेव्हा साऱ्या जगातील शीख नांदेडास लोटले, आणि त्या निमित्ताने शहराचे रस्ते, घाट व विमानतळ यांचे रूप पालटले.

आता मूळ प्रश्नाकडे. ज्या ग्रंथास गोदातीरी गुरुपद मिळाले, त्यात आपल्या नामदेवांची 61 पदे आहेत. 1604 साली पाचवे गुरू अर्जनदेव यांनी आदिग्रंथाचे संकलन केले, तेव्हा कबीर, रविदास, त्रिलोचन यांच्यासमवेत नामदेवांच्या वाणीस त्यांनी आदराने स्थान दिले. नामदेवांचे नरसी गाव आज हिंगोली जिल्ह्यात, म्हणजे नांदेडच्या शेजारीच आहे. त्यांनी उत्तरायुष्यात जेथे वास्तव्य केले असे मानतात त्या पंजाबातील घुमान गावी 2015 साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही भरले. पंढरीच्या वाळवंटातून निघालेली भक्ती पंजाबात रुजली, ग्रंथात विराजमान झाली, आणि शतकभरानंतर तो ग्रंथ गोदावरीच्या काठी गुरू म्हणून पूजिला गेला, याहून दृढ नाते दोन भाषिक समाजांत दुसरे कोणते असू शकेल? नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्याच्या दरबारातील एका वृद्ध सेवेकऱ्यांनी नामदेवांचे नाव घेताच माझ्या आईने हात जोडले. "बाई, हे आमचेही भगत आहेत," असे ते अस्खलित मराठीत म्हणाले.

त्यांचे मराठी ऐकून पुष्कळ यात्रेकरूंस आश्चर्य वाटते, पण त्याचे कारण इतिहासात आहे. सचखंडाची आजची वास्तू 1832 ते 1837 या काळात पंजाबच्या महाराजा रणजितसिंहांनी द्रव्य आणि कारागीर पाठवून बांधविली. निजामाचा दिवाण राजा चंदुलाल याच्या त्या कारकिर्दीतच पंजाबातून शीख पथके हैदराबादच्या चाकरीस आली, येथेच स्थिरावली, आणि त्यांचे वंशज दखनी शीख म्हणून ओळखले जातात. घरात दखनी हिंदी, बाजारात मराठी आणि पाठात गुरुमुखी असा त्यांचा सहज व्यवहार चालतो. हैदराबाद संस्थानाच्या विलीनीकरणानंतर 1956 साली झालेल्या कायद्यान्वये गुरुद्वाऱ्याचा कारभार मंडळाकडे आला.

शिखांच्या पाच तख्तांपैकी सचखंड हे एक. अकाल तख्त, केशगढसाहिब व दमदमासाहिब ही तिन्ही पंजाबात आणि चौथे पाटण्यास. तख्त म्हणजे केवळ उपासनास्थान नसून पंथाच्या धर्मसत्तेचे आसनही होय. ज्या जागी गुरूंचा अंत्यसंस्कार झाला, तेथे अंगीठासाहिब हा गाभारा आहे. सामान्य भाविकांस आत प्रवेश नाही, बाहेरूनच दर्शन घ्यावयाचे. गुरूंची शस्त्रे, त्यांत कट्यार, तोड्याची बंदूक, धनुष्ये, बाण, ढाल, तलवारी, येथे जतन केलेली आहेत. पंजाबातील गुरुद्वाऱ्यांत सहसा न आढळणाऱ्या काही जुन्या रीती येथे आजही निष्ठेने पाळल्या जातात: पहाटे गोदावरीचे पाणी घागरीने पायी आणून तख्तास स्नान घालणे, आणि सायंकाळी शंख-नगाऱ्याच्या घोषात दिवे ओवाळून आरती करणे. काकडआरतीच्या संस्कारात वाढलेल्या आमच्या आईस ती आरती परकी वाटण्याचे कारणच नव्हते. शेवटपर्यंत ती जागची हलली नाही.

लंगरात जात, धर्म, धनी-निर्धन हा भेद न करता सर्वांस एका पंगतीत जमिनीवर बसवून पोळी, डाळ, भाजी वाढतात, आणि त्याचे मूल्य कोणी मागत नाही. आमच्या मुलांनी उष्टी ताटे घासण्याच्या सेवेस हात लावला. घरी जी कामे सांगूनही होत नाहीत, ती तेथे त्यांनी आनंदाने केली. श्रमास प्रतिष्ठा देणारी ही व्यवस्था, माझ्या मते, या क्षेत्राने मराठी समाजास दिलेले सर्वांत मोठे शिक्षण होय, आणि आपल्या देवस्थानांच्या अन्नछत्रांनी ते मनावर घ्यावे.

प्रथमच जाणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. डोके रुमालाने अथवा पदराने झाकावे, पादत्राणे जोडाघरात ठेवून पाय धुऊन आत जावे, तंबाखू-खर्रा मुळीच जवळ बाळगू नये. आमच्या जिल्ह्यातील पुरुषमंडळींस ही सूचना मुद्दाम करावीशी वाटते. राहण्यास गुरुद्वारा मंडळाचे यात्रीनिवास आहेत. नगीनाघाट, बंदाघाट, शिकारघाट, आणि बादशहाने अर्पण केलेला हिरा गुरूंनी नदीत टाकला अशी आख्यायिका ज्याच्याशी निगडित आहे तो हिराघाट, हे सारे सवडीने पाहावे. सायंकाळची आरती मात्र चुकवू नये, आणि परतताना वाट थोडी वाकडी करून नरसीस जाऊन यावे. गोंदियाच्या शाळांनी तर सहलीच्या पत्रकात रामटेकच्या जोडीस नांदेड आणि नरसी ही दोन नावे यंदापासूनच घालावीत.