स्पोर्ट्स कारचा शौक : आधी आरसी बुक, मग पाना

धामणकर नाक्यावर संध्याकाळी अर्धा तास उभे राहावे. ग्रे कापडाचे तागे भरलेले टेम्पो, रिक्षा, हातगाड्या, मेट्रोचे खांब आणि या गर्दीतून वाट काढणारी एखादी जमिनीला टेकलेली, रुंद टायरची, कान फाडणारी मोटार हमखास दिसते. आत बसलेला मुलगा बहुधा ओळखीच्या घरातला असतो. कोणाच्या वडिलांचे लूम असतात, कोणाचे सायझिंग, कोणाचे गोडाऊन. पूर्वी भिवंडीतून वेगात जायला रस्ताच नव्हता. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि नागपूरहून निघालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आपल्या तालुक्यात येऊन टेकला. तेव्हापासून हा शौक नाक्यापुरता राहिलेला नाही.

आम्ही या शौकाचे दुश्मन नाही. चांगल्या मोटारीत कारीगरी असते आणि कारीगरीची कदर आपल्या समाजाने नेहमीच केली आहे. पण आमच्या भाच्याने दोन वर्षे वापरलेली एक गाडी हप्त्यावर घेतली. आधीच्या मालकाने तिच्या स्प्रिंगा कापल्या होत्या, सायलेन्सर बदलला होता आणि इंजिनची ताकद वाढवून घेतली होती. “मामू, गाडी पळत नाही, उडते,” असे तो आम्हाला सांगत असे. पावसात एकदा जोराने ब्रेक मारला, गाडी आडवी फिरली आणि दुभाजकावर गेली. अल्लाहच्या कृपेने जीव वाचला, हात मोडला. पुढे विम्याच्या सर्व्हेअरने गाडी आणि कागद समोरासमोर ठेवले. गाडीत केलेले बदल कोणालाही कळवलेले नव्हते. गाडीच्या नुकसानीचा दावा नामंजूर झाला. गाडी भंगारात गेली, हप्ते मात्र आजही चालू आहेत. दुसऱ्या कोणाच्या घरी असे होऊ नये म्हणून हा लेख.

स्पोर्ट्स कार म्हणजे काय?

जोरात पळणारी प्रत्येक गाडी स्पोर्ट्स कार नसते. बांधणीने हलकी, बुटकी, बहुधा दोन माणसांची, वळणावर न झुकणारी आणि वेळेवर थांबणारी, ती स्पोर्ट्स कार. आपल्या भागातही अशा गाड्या बनल्या आहेत. गोव्यात सॅन मोटर्सने १९९८ च्या सुमारास ‘सॅन स्टॉर्म’ ही दोन आसनी, कापडी छताची गाडी काढली. तिची बॉडी फायबरग्लासची आणि इंजिन रेनो कंपनीचे ११४९ सीसीचे, म्हणजे एखाद्या लहान मोटारीएवढेच होते. पुढे मुंबईच्या डीसी डिझाइनने २०१२ च्या ऑटो एक्स्पोमध्ये ‘अवंती’ दाखवली. तिलाही रेनोचेच दोन लिटरचे टर्बो इंजिन होते. आपल्या कापडाच्या धंद्यातही हा शौक नवा नाही. रेमंडचे गौतम सिंघानिया सुपरकारांसाठी प्रसिद्ध आहेत आणि मुंबईतला सुपरकारांचा मेळावा रेमंडच्याच ‘पार्क्स’ या ब्रँडच्या नावाने भरत आला आहे.

सॅन स्टॉर्मचे इंजिन मोठे नव्हते, तरी तिला स्पोर्ट्स कार म्हटले गेले. कारण तिची सर्व बांधणी त्या हिशेबाने केलेली होती. आपली मुले चुकतात ती इथेच. ते फक्त इंजिनकडे पाहतात.

लूमची पुली बदलण्याची गोष्ट

भिवंडीकराला ही गोष्ट समजावणे सोपे आहे. पिक वाढावेत म्हणून एखाद्याने मोटरची पुली मोठी बसवली, पण लूम, शटल, पिकिंग सगळे जुनेच ठेवले, तर काय होते? चार दिवस उत्पादन वाढते. मग तार तुटू लागते, शटल उडते, कापडात दोष येतात. मोटारीचेही तसेच आहे. आजच्या टर्बो गाड्यांत कॉम्प्युटरमधला प्रोग्राम बदलून तासाभरात ताकद वाढवता येते. पण क्लच, गिअरबॉक्स, ब्रेक आणि टायर कंपनीने जुन्या ताकदीसाठी दिलेले असतात. इंजिन जास्त तापते आणि वॉरंटी तर जातेच.

म्हणून जाणकार उस्ताद काम उलट्या क्रमाने करतो. आधी टायर, मग ब्रेक, मग सस्पेन्शन आणि इंजिन सर्वांत शेवटी.

टायर : टायरच्या अंगावर सगळे लिहिलेले असते. १८५/६५ आर १५, ८८ एच असे असेल तर रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के आणि रिम १५ इंची. ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलोपर्यंत भार. शेवटचे अक्षर वेगाची मर्यादा सांगते. टी असेल तर ताशी १९०, एच असेल तर २१० आणि व्ही असेल तर २४० किलोमीटर. शिवाय चार आकड्यांचा एक शिक्का असतो. २३१९ असेल तर टायर २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनला. जुना टायर वरून नवा दिसला तरी त्याचे रबर कडक झालेले असते. समृद्धीवर सपाटीला मोटारींना ताशी १२० ची मर्यादा आहे. काँक्रीटवर तासन्‌तास त्या वेगाने जायचे तर हवा निघण्यापूर्वी, टायर थंड असतानाच, तपासावी. हवा कमी असली की टायरची बाजू सारखी दुमडते, तापते आणि फुटते. मोठी अलॉय चाके बसवताना टायरसह चाकाचा एकूण व्यास मूळचाच राहिला पाहिजे, नाहीतर स्पीडोमीटर खोटा आकडा दाखवतो.

ब्रेक : वेग दुप्पट झाला की थांबवायची शक्ती चौपट होते. ताशी ६० वर जो ब्रेक पुरतो त्यावर १२० ला चौपट काम पडते आणि तेवढीच उष्णता तयार होते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. जुने ऑइल उष्णतेने उकळून त्यात वाफ होते आणि पेडल रिकामेच आत जाते. दर दोन वर्षांनी ऑइल बदलणे हा सर्वांत स्वस्त ‘स्पोर्ट्स’ बदल आहे, पण तो दिसत नाही म्हणून कोणी करत नाही.

स्प्रिंग : ग्राइंडरने स्प्रिंग कापून गाडी खाली बसवणे हा तर सरळ गुन्हाच समजावा. कापलेली स्प्रिंग कडक होते, तिला दबायला जागा उरत नाही आणि खड्ड्यात चाक लोंबकळले की ती आपल्या बैठकीतून सुटू शकते. आमच्या भाच्याची गाडी फिरली त्यात या स्प्रिंगांचा हात होता, असे नंतर पाहणाऱ्या मिस्त्रीने सांगितले.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ सांगते की कंपनीने नमूद केलेल्या आणि आरसी बुकात नोंदलेल्या तपशिलापेक्षा वेगळी ठरेल अशी गाडी बदलता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच गोष्ट पुन्हा ठामपणे सांगितली. रंग बदलणे किंवा त्याच जातीचे दुसरे इंजिन बसवणे यांसारखी कामे आरटीओची मंजुरी घेऊन होतात. मंजुरीने केलेला बदल १४ दिवसांत कळवून आरसीवर चढवावा लागतो. सीएनजी किट मान्यताप्राप्तच हवे. पण बॉडी कापणे, चासीला हात लावणे, छत उडवणे यांना वाट नाही.

२०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही. गाडी बेकायदा बदलून विकणाऱ्या डीलरला एक वर्षापर्यंत कैद किंवा प्रत्येक गाडीमागे एक लाख रुपये दंड. जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्या आपल्या भावांनी हे वाक्य दोनदा वाचावे. आवाजाच्या नियमाचा भंग झाल्यास पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि लायसन्स तीन महिन्यांसाठी जाते. शिवाय त्या आवाजाने शेजारचे आजारी माणूस दचकून उठते आणि मशिदीतली जमात विचलित होते, त्याचा हिशेब वेगळाच.

जुन्या गाडीचा शौक वेगळा

आमच्या मते शौकच करायचा तर जुन्या गाडीचा करावा. तिथे वेग नाही, तिथे हुनर आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची फियाट घ्या. १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगजवळचा गिअर. मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर एके काळी याच फियाट ठीकठाक करून शर्यतीत उतरवत असत. पुढे तीच ‘पद्मिनी’ म्हणून मुंबईची टॅक्सी झाली आणि ऑक्टोबर २०२३ अखेर टॅक्सी म्हणून तिचा प्रवास संपला. काल ज्या गाडीकडे कोणी वळून पाहत नव्हते तिला आज शौकीन शोधत फिरतात.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून जास्त झालेली, मूळ रूपात असलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते. तिच्या नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नोंदणी फी २०,००० रुपये असून ती १० वर्षे चालते. नूतनीकरणाला ५००० रुपये. अशी गाडी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणे आणि दुरुस्तीसाठी रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला किंवा भाड्याला नाही. १९७० ची फियाट आज या नियमात बसते, पण अट ध्यानात ठेवावी की गाडी मूळ रूपातच हवी. ज्याने हौसेने तिची बॉडी कापली, त्याने हा दरवाजा स्वतःच्या हाताने बंद केला. इतर खासगी गाड्यांची नोंदणी १५ वर्षांनी तपासणी करून नवी करावी लागते आणि पुढे दर ५ वर्षांनी.

आपल्या कारीगरांची रोजी

या धंद्यात बरकत कुठे आहे? इंजिन फुगवण्यात नाही, गाडी जशी होती तशी उभी करण्यात आहे. आणि ती कामे पिढ्यान्‌पिढ्या आपल्याच हातात आहेत. हातोडी आणि डॉलीवर पत्रा ठोकणारा डेंटर, स्प्रे पेंटर, वायरमन, कुशनवाला, खराद्या. नवी गाडी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये जाते आणि तिथे पत्रा ठोकत नाहीत, आख्खा दरवाजाच बदलतात. जुन्या गाडीचा दरवाजा मिळतच नाही, तो घडवावाच लागतो.

कापडवाल्यांसाठीही इथे काम आहे. पण आपले नेहमीचे कापड सीटवर चालत नाही. सीटच्या कापडाला तीन कसोट्या असतात. पहिली घासण्याची. ती मार्टिंडेल यंत्रावर हजारो फेऱ्यांनी तपासतात. दुसरी उन्हात रंग टिकण्याची. काचेमागचे ऊन साध्या डायिंगला काही महिन्यांत फिके करते. तिसरी आगीची. गाडीच्या आतल्या मालासाठी आयएस १५०६१ हे मानक आहे. त्याखेरीज मागे फोम चिकटवावा लागतो. जुन्या उघड्या गाडीच्या छताला पाणी न झिरपणारे जाड कापड लागते. हा माल थोडा लागतो, पण तो मीटरच्या भावावर नाही, पारखीवर विकला जातो.

कारीगरांना आमची विनंती आहे की तीन सवयी लावून घ्या. काम घेताना कागदावर काम, मुदत आणि रक्कम लिहून दोघांच्या सह्या घ्या. आधीचे, मधले आणि नंतरचे फोटो ठेवा. आरसीत न बसणारे काम कोणी सांगितले तर, पैसे कितीही मिळत असोत, हात जोडून नाही म्हणा.

घेण्यापूर्वी हे पाहा

१) चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी स्वतः ताडून पाहा.
२) खिशात लोहचुंबक ठेवा. जिथे तो पत्र्याला धरत नाही तिथे रंगाखाली पुट्टीचा जाड थर आहे.
३) आरसीवर बँकेचा बोजा आणि थकलेली चलाने तपासा.
४) केलेला प्रत्येक बदल आरसीवर आहे का आणि विमा कंपनीला कळवला आहे का, ते लेखी घ्या.
५) खरेदीच्या रकमेइतकीच रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला नसेल तर जुनी गाडी घेऊच नका.

विकणाऱ्यासाठी एकच कलम आहे आणि ते आपल्याला लहानपणापासून शिकवले आहे. मालातला ऐब सांगून माल विकावा. कापलेली स्प्रिंग रंगाखाली लपते, पण ती पुढच्या मालकाच्या मुलाला रस्त्यावर भेटते. आमच्या भाच्याला गाडी विकणाऱ्याने एवढे एक वाक्य खरे बोलले असते तर तो हात मोडला नसता.

शौक जरूर करावा, पण व्याजाच्या हप्त्यावर नको. हिशेबात बसेल तेवढाच करावा. भाच्याचा हात आता बरा आहे. सध्या तो एका जुन्या उस्तादाकडे फियाटचा पत्रा ठोकायला शिकतो आहे. मिळालेल्या मजुरीतून तो हप्ते फेडतो. त्या गाडीने त्याला एवढे तरी शिकवले.