पोटाखालची तोफ

नामपूर बाजार समितीकडे निघालेल्या कांद्याच्या ट्रॅक्टरांची घरघर खिडकीतून आत येतेय आणि टेबलावर मिग-२१ नाक उघडं टाकून पडलंय. नातू त्यात सायकलचे छर्रे चिकटवतोय. नाकात वजन नसलं तर चाकांवर उभं केलेलं हे प्लास्टिकचं विमान मागे कलतं, शेपटीवर बसतं. छर्रे आबा निवडून देतात. त्यांची सगळी नोकरी मिगमध्ये झाली. म्हणजे ओझरच्या एचएएलमध्ये, १९६४ साली मिगसाठीच उभारलेल्या कारखान्यात.

मॉडेल ७२ पटींनी लहान. सहा फुटी वैमानिक इथे एका इंचाचा, आणि सात मीटरचा पंखविस्तार जेमतेम दहा सेंटिमीटर. आबा नेलकटरने पंख चौकटीतून सोडवतात, पॉलिश पेपर पाण्यात बुडवून कड घासतात आणि तिच्यावरून अंगठा फिरवतात. चष्मा केव्हाचा कपाळावर गेलाय.

वाद पेटतो तो तोफेवरून. नातवाने पोटाखाली टांगायची तोफ वेगळी रंगवून ठेवलीय.

"ही बाहेर कशाला? तोफ पोटातच असते."

"आबा, तुम्ही जोडायचात ते बिस. हे एफएल आहे, एकाहत्तरचं."

पोराचं बरोबर आहे. एफएलच्या पोटात तोफ नव्हतीच. रशियन आखणी करणाऱ्यांचा सगळा भरवसा क्षेपणास्त्रांवर. आपल्या हवाई दलाने ती खाली टांगून घेतली, आणि १२ डिसेंबर १९७१ रोजी कच्छच्या आखातावर फ्लाइट लेफ्टनंट भारतभूषण सोनी यांनी पाकिस्तानी स्टारफायटर पाडलं ते तिच्याच माऱ्याने. दोनच दिवसांनी ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर मिग तुटून पडली, ती मात्र रॉकेटं घेऊन. नातू हे सगळं एका दमात सांगतो.

आबा तोफ उलटसुलट करून बघतात. पटलं म्हणायला काही तयार नाहीत. मग पोटाच्या जोडावर नख ठेवतात. तिथे केसभर फट आहे.

"तोफेचं नंतर बघू. ही फट आधी भर. आमच्याकडे इन्स्पेक्टरने हे पास केलं नसतं."

नातू निमूट पुट्टीची ट्यूब उघडतो.

"जेवाले चाला!" आतून आजीची हाक येते. पुन्हा येते, जरा चढ्या आवाजात. पण पुट्टी ओली आहे, आणि ओली पुट्टी सोडून उठायचं नाही, एवढ्यावर तरी दोघांचं एकमत आहे.