न्यायालय आणि तुरुंग यांच्या वाढीचा हिशेब



न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८४२ साली याच निफाडात झाला, आणि पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेचा पाया १८७५ साली त्यांच्याच पुढाकाराने घातला गेला. तेव्हा निफाडकरांनी वसंतातील एक संध्याकाळ न्यायालयाच्या विषयास द्यावी, हे उचितच होय. जिल्ह्यातील न्यायालये आणि तुरुंग अपुरे पडू लागले, म्हणजे त्यांची वाढ कशी आखावी, एवढाच आजचा प्रश्न आहे.

सामान्य समजूत अशी की, खटले वाढले तर कोर्टाची इमारत वाढवावी आणि कैदी वाढले तर तुरुंग वाढवावा. खाती दोन, अंदाजपत्रके दोन, म्हणून योजनाही दोन होतात. परंतु तुरुंगात असते कोण, हे पाहिले की ही समजूत टिकत नाही. २०२२ च्या अखेरीस भारतातील तुरुंगांची क्षमता सुमारे ४ लाख ३६ हजार होती आणि बंदी होते सुमारे ५ लाख ७३ हजार. त्यांपैकी शेकडा ७५ हून अधिक कच्चे कैदी होते. कच्चा कैदी म्हणजे ज्याचा गुन्हा अद्याप शाबीत झालेला नाही असा माणूस. तो शिक्षा भोगीत नसतो. तो तारखेची वाट पाहत असतो.

आता साधे गणित करू. समजा, एखाद्या तुरुंगात रोज सरासरी ४ नवे बंदी येतात आणि प्रत्येक जण सरासरी ९० दिवस राहतो. तर तेथे ३६० जागा लागतील. हाच मुक्काम ६० दिवसांवर आला, तर २४० जागा पुरतील. एक वीटही न रचता १२० जागा मोकळ्या झाल्या! म्हणजे तुरुंगाचा आकार पुष्कळसा न्यायालयाच्या गतीवर ठरतो.

न्यायालयाची गती मात्र केवळ खोल्यांनी वाढत नाही. दर दहा लाख लोकांमागे ५० न्यायाधीश असावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितले. आजही प्रमाण त्याच्या निम्म्याहून कमीच आहे. न्यायाधीश, लघुलेखक व कारकून यांवाचून बांधलेले दालन कुलुपातच राहावयाचे.

इमारतीचा नकाशाही कामाच्या ओघाने आखावयास हवा. न्यायाधीश, पोलीस पहाऱ्यातील आरोपी आणि पक्षकार यांच्या वाटा निराळ्या असाव्यात. साक्षीदारास आरोपीच्या नातलगांशेजारी ताटकळत बसावे लागले, तर त्याची साक्ष डळमळते. दप्तरखाना व मुद्देमालाची खोली कोरडी हवी. स्त्रियांसाठी बसण्याची जागा व स्वच्छतागृह हवे.

निफाडात दिवाणी न्यायालयाबरोबर जिल्हा व अतिरिक्त सत्र न्यायालयही आहे; मध्यवर्ती कारागृह मात्र नाशिकरोडला. पहाऱ्यास पोलीस मिळाले नाहीत, की आरोपी कोर्टात येत नाही आणि तारीख पुढे जाते. दृक्‌श्राव्य यंत्रणेने तुरुंगातूनच हजेरी लावता आली, तर साध्या तारखा वाचतात. तथापि आरोपीस वकिलाशी एकांतात बोलता येईल, अशी सोय दोन्ही टोकांस हवी.

या विलंबाची किंमत माणसे मोजतात. कमाल शिक्षेहूनही अधिक काळ कच्चे कैदी म्हणून काढलेली माणसे बिहारच्या तुरुंगांत आढळली. तेव्हा, १९७९ साली, हुसैनारा खातून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, खटला त्वरेने चालणे हा जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, काही अपवाद सोडून, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या बंद्यास कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळानंतर सुटका मिळू शकते. पण ते दिवस कोणीतरी मोजले पाहिजेत. जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नाही म्हणून आत राहिलेल्यांचीही मोजदाद हवी.

जुन्या, कोंदट बराकी बदलू नयेत, असे यातून निघत नाही. बंद्यासही उजेड, पाणी व वैद्य मिळालाच पाहिजे. परंतु नवी भिंत उभारण्यापूर्वी नागरिकांनी दोन आकडे अवश्य मागावेत: कच्चा कैदी सरासरी किती दिवस आत राहतो, आणि न्यायाधीशांच्या किती जागा रिकाम्या आहेत. ही उत्तरे हाती आल्यावाचून काढलेला नकाशा अपुराच ठरेल.