उपाशी म्हणजे नेमके किती?



आज एका शब्दाविषयी बोलायचे आहे. तो शब्द ‘उपाशी’. ‘ऑपरेशनला उपाशीपोटी या,’ ही सूचना आपल्या सीमाभागात कधी कन्नडमध्ये मिळते, कधी इंग्रजीत. घरी पोहोचेपर्यंत तिचा हा एकच मराठी शब्द उरतो. आता आपल्या बहुतेक घरांत उपास म्हटला की साबुदाण्याची खिचडी, केळी आणि मधूनमधून चहा आलाच. उलट आमच्या जैन घरांत उपवास म्हणजे अन्न मुळीच नाही, आणि घेतलेच तर दिवसा उकळलेले पाणी. भूल देणाऱ्या डॉक्टरांना या दोहोंपैकी एकही अर्थ अभिप्रेत नसतो.

भूल मी देत नाही. मी होमिओपॅथीचा डॉक्टर. पण शस्त्रक्रियेची तारीख ठरली की माणसे फाईल घेऊन घरच्या डॉक्टरकडे येतात आणि विचारतात, ‘सकाळी चहा तरी चालेल ना?’

एरवी घास चुकून श्वासनलिकेकडे गेला तर ठसका लागतो. तो ठसका हा आपला पहारेकरी. पूर्ण भुलीत तो झोपतो, अन्ननलिकेच्या तोंडाचे स्नायूही सैल पडतात. पोटात काही असेल तर ते वर येऊन फुप्फुसात उतरू शकते. घन अन्नाने श्वास कोंडतो. पोटातल्या आम्लाने फुप्फुस भाजते. १९४६ साली न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ कर्टिस मेंडेल्सन यांनी ४४,०१६ गर्भवतींच्या नोंदी तपासून असे ६६ प्रसंग मांडले. पुढे ‘मध्यरात्रीनंतर काहीही नको’ ही रीत सर्वत्र रुजली.

पण पोट सगळे पदार्थ एकाच वेगाने पुढे ढकलत नाही. साधे पाणी लवकर निघून जाते, दुधाला वेळ लागतो, तळणाला त्याहून अधिक. म्हणून आजचे नियम तासांत बोलतात. प्रकृतीने ठीक असलेल्या माणसासाठी ते साधारण असे:

पाणी, बिनदुधाचा चहा: २ तास आधीपर्यंत.
तान्ह्या बाळाला अंगावरचे दूध: ४ तास.
वरचे दूध, दुधाचा चहा, हलका आहार: ६ तास.
तळलेले, तुपकट, भरपेट जेवण: ८ तास वा अधिक.

म्हणजे आपला नेहमीचा चहा पाण्यात नव्हे, दुधात मोजायचा. ‘घोटभरच दिला’ म्हणून तो लपवायचाही नाही. तंबाखू, सुपारी, प्रसादाचा पेढा यांनाही सूट नाही. भूल फक्त कमरेतून द्यायची असली तरी हेच नियम पाळतात, कारण ऐनवेळी पूर्ण भूल द्यावी लागू शकते.

दुसऱ्या टोकाची चूक आमच्याकडची. चौविहार पाळणाऱ्या आजी सूर्यास्तानंतर पाणी घेत नाहीत. शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी दुपारी १ वाजता असेल आणि सकाळीही कोणी पाणी दिले नाही, तर अठरा तासांहून अधिक काळ त्या निर्जळी राहतात. म्हातारपणी त्याने घसा सुकतो, चक्कर येते, शीर सापडणे कठीण होते. सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी नवकारशी झाली की ११ वाजेपर्यंत पाणी घेता येते. व्रत मोडत नाही आणि नियमही पाळला जातो. फक्त भूलतज्ज्ञांना आधी विचारून घ्यावे.

मधुमेह, गर्भारपण, जुनी आम्लपित्ताची तक्रार असेल किंवा वजन घटवण्याची इंजेक्शने चालू असतील, तर पोट हळू रिकामे होऊ शकते. तिथे वरचे तास पुरे पडतीलच असे नाही. रक्तदाबाची गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची की नाही, इन्सुलिनचे काय करायचे, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. माझ्या साबुदाण्याएवढ्या गोळ्या चालू असतील तर त्याही सांगाव्यात.

तेव्हा ‘उपाशी या’ एवढ्यावर उठू नका. ‘शेवटचे जेवण किती वाजता? शेवटचे पाणी किती वाजता?’ असे विचारून दोन्ही वेळा कागदावर मराठीत लिहा आणि तो कागद स्वयंपाकघरात लावा. चुकून काही खाल्ले गेलेच, तर टेबलावर जाण्याआधी सांगा. फार तर शस्त्रक्रिया पुढे जाईल. पुढे ढकललेली शस्त्रक्रिया पुन्हा करता येते. भुलीत बिघडलेला श्वास मात्र प्रत्येक वेळी सावरता येईलच असे नाही.