जात्यावरचे तत्त्वज्ञान आणि एक फ्रेंच अभ्यासक

आधुनिक फ्रेंच तत्त्वज्ञ म्हटले की सार्त्र, फुको, देरिदा ही नावे मराठी वाचकाला आठवतात. त्यांच्यावर आपल्याकडे लेख येतात, चर्चासत्रे भरतात. मात्र फ्रान्समध्ये तत्त्वज्ञान आणि ईश्वरशास्त्र शिकलेला, सत्तरच्या दशकात पुण्यात येऊन इथलाच झालेला, भारताचे नागरिकत्व घेतलेला एक विचारवंत आपल्या चर्चेत फारसा येत नाही. गी पॉइतवाँ (1934-2004) हे त्यांचे नाव. हेमा राईरकर यांच्यासह त्यांनी पुण्यात ‘सेंटर फॉर कोऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस’ ही संस्था उभारली आणि सुमारे वीस वर्षे खपून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या लिहून काढल्या. लोकसाहित्याचा मोठा संग्रह एवढीच या कामाची ओळख राहिली, तर त्याचे मोल निम्म्यावर येते. तत्त्वचिंतन नेमके कोण करते, हा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे.

पॉइतवाँ आणि राईरकर यांच्या 1996 सालच्या इंग्रजी पुस्तकाचे नाव ‘स्टोनमिल अँड भक्ती’. शेतकरी बायकांची भक्ती आणि स्वामींचे तत्त्वज्ञान यांना त्याच्या उपशीर्षकातच एका पंगतीला बसवले आहे. हे धाडस त्यांच्या कार्यपद्धतीतून आले होते. मावळ-मुळशीच्या डोंगराळ भागात गरीब डोंगरी संघटनेतल्या बायकांनीच ओव्या गोळा केल्या आणि त्यांच्या अर्थाची चर्चाही त्यांनीच केली. साने गुरुजी, कमलाबाई देशपांडे, सरोजिनी बाबर यांनी स्त्रीगीतांचे थोर काम आधीच केलेले होते. त्यांच्यामुळेच ओवी छापील पानावर आली. परंतु जुन्या संग्रहांत बहुतेकदा गाणे उरते आणि गाणारी हरवते. इथे ओवीशेजारी गाणारीचे नाव आणि गाव नोंदवलेले आहे. विचाराला माणूस जोडला की त्या माणसाला ‘तुला असे का वाटते’ हे विचारता येते, आणि तत्त्वज्ञानाची सुरुवात त्याच प्रश्नापासून होते.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की, ओवी म्हणजे परंपरेची घोकंपट्टी. भावाचे कौतुक, कुंकवाचा अभिमान, सासरचा मान यात स्वतंत्र विचार कुठला? ओव्यांचा मोठा भाग असा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच छंदात, त्याच जात्यावर बाईच्या जन्माची तक्रारही येते आणि सीतेच्या वनवासाच्या ओव्यांत गाणारी रामाला दोष देऊन सीतेची बाजू घेते. पूज्य मानलेल्या कथेत न्याय कुणाचा, हे ठरवणे ही घोकंपट्टी नव्हे. शिवाय ओळखीचा चरण घेऊन पुढचा आपल्या अनुभवाने भरायचा, ही ओवीची रीतच आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शास्त्रात पूर्वपक्ष, खंडन आणि सिद्धान्त लागतो. तो ओवीत नाही. हे मान्य. म्हणून ओवी हे तत्त्वज्ञानाचे शास्त्र नाही. मात्र शास्त्राला ज्यातून प्रश्न मिळतात ते जगण्याचे चिंतन तिच्यात नक्कीच आहे, आणि पॉइतवाँ यांच्या कामाचा आधार घेऊन एवढाच दावा करता येतो.

नागपूरच्या दृष्टीने हा दावा फार महत्त्वाचा आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी दीक्षाभूमीवर झालेल्या धम्मदीक्षेचा अभ्यास आपण प्रामुख्याने भाषणे, ग्रंथ आणि पुढाऱ्यांच्या आठवणींतून करतो. घराघरातल्या निरक्षर बाईने तो बदल मनाशी कसा मांडला, हे कळण्याची साधने थोडी आहेत. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरात ध्वनिमुद्रित झालेल्या ओव्यांत बुद्ध, बाबासाहेब आणि रमाई येतात. जिथे विठ्ठल आणि माहेर होते त्याच छंदात बुद्ध आला. जुने रूप तसेच ठेवून त्यात नवा आशय बसवणे हे वैचारिक कामच आहे. पॉइतवाँ यांनी दया पवारांचे ‘बलुतं’ आणि बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ फ्रेंचमध्ये नेले, हेही या संदर्भात लक्षात घ्यावे. दलित आत्मकथन आणि ओवी ही त्यांच्या लेखी दोन वेगळी दालने नव्हती.

गिरण्या आल्या आणि जाते थांबले. तेव्हा हा संग्रह म्हणजे मृत वस्तूंचे कोठार, असेही कुणी म्हणेल. परंतु फ्रेंच संगीततज्ज्ञ बर्नार्ड बेल यांनी 120 तासांहून अधिक ध्वनिमुद्रण जतन केले आणि 2017 पासून ‘पारी’ या संकेतस्थळाने ओव्या आवाजासह लोकांपुढे ठेवल्या, त्यामुळे त्या आज कुणालाही ऐकता येतात. आता काम उरते ते आपले. विदर्भातल्या ज्या आजीबाईंना ओव्या अजून पाठ आहेत, त्यांच्याकडे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान आणि मराठी विभागांनी विद्यार्थी पाठवावेत. ओवी नाव-गावासह नोंदवावी, तिचा अर्थ आधी गाणारीलाच विचारावा आणि मगच आपले भाष्य करावे.