दुवा उघडला, नोंद गेली

मे २००५ मध्ये गूगलने ‘वेब अ‍ॅक्सिलरेटर’ नावाचं सॉफ्टवेअर चाचणीसाठी खुलं केलं. तुम्ही एखादं पान वाचत असताना त्यातल्या दुव्यांमागची पानं ते आधीच मागवून ठेवायचं. क्लिक केलं की पान हजर! पण थोड्याच दिवसांत काही वेब अ‍ॅप वापरणाऱ्यांच्या नोंदी आपोआप गायब होऊ लागल्या. त्या अ‍ॅपमध्ये ‘डिलीट’ हाही साधा दुवाच होता, आणि सॉफ्टवेअरने इमानेइतबारे तोही उघडला. लॉगिन खुद्द वापरणाऱ्याचंच, तेव्हा सर्व्हरला संशय यायचं कारण नव्हतं.

तेव्हा बोटं गूगलकडे वळली. माझ्या मते चूक अ‍ॅप बांधणाऱ्यांची. ब्राउझरच्या प्रत्येक विनंतीचा पहिला शब्द म्हणजे तिची मेथड. १९९१च्या मूळ एचटीटीपीत ‘गेट’ ही एकच मेथड होती. माहिती पाठवणारी ‘पोस्ट’ पुढे आली. दुव्यावर क्लिक केलं की गेट जाते, आणि गेटने माहिती आणण्यापलीकडे काही करू नये, हे १९९९च्या नियमपत्रात स्वच्छ लिहिलेलं होतं. वाचतो कोण?

पायथनमध्ये वेब अ‍ॅप बांधायला वापरला जाणारा फ्लास्क याबाबतीत शहाणा आहे. फंक्शनच्या डोक्यावर ‘रूट’च्या ओळीत नुसता पत्ता दिला, तर तो गेट धरून चालतो, ‘हेड’ आणि ‘ऑप्शन्स’ या मेथड स्वतःच सांभाळतो. त्याच पत्त्यावर फॉर्म पोस्ट केला की ४०५: ही मेथड इथे चालणार नाही. कोणत्या चालतील, तेही उत्तराच्या ‘अलाउ’ हेडरमध्ये असतं. नवशिके इथे हमखास अडकतात. रूटच्या ओळीत ‘मेथड्स’च्या यादीत गेटसोबत पोस्ट लिहायची आणि फंक्शनमध्ये ‘रिक्वेस्ट डॉट मेथड’ तपासायची. पोस्ट असेल तर माहिती साठवा, नाहीतर कोरा फॉर्म दाखवा.

साठवल्यावर तिथेच ‘धन्यवाद’चं पान दाखवायचा मोह होतो. तो टाळावा. कुणी पान रिफ्रेश केलं तर ब्राउझर तीच पोस्ट पुन्हा पाठवू पाहतो. सावधगिरीची सूचना न वाचता ‘ओके’ दाबलं की एकाच्या दोन ऑर्डरी. त्याऐवजी ३०३ देऊन दुसऱ्या पत्त्यावर धाडावं. मग रिफ्रेश केलं तरी जाते ती गेटच.

डिलीटसाठी वेगळी मेथड आहे. पण एचटीएमएलच्या फॉर्मला गेट आणि पोस्ट एवढ्याच पाठवता येतात, बाकीच्यांसाठी जावास्क्रिप्ट लागते. साध्या अ‍ॅपमध्ये ‘काढून टाका’ला पोस्ट करणाऱ्या छोट्याशा फॉर्मचं बटण करावं.